सॅस ऑनडिमांड: सकाळ-संध्याकाळचं दूध एका रांगेत लावताना

मी पुण्यात क्लिनिकल प्रोग्रामर म्हणून काम करते. दिवसभर सॅसमध्येच, म्हणजे डेटा लावण्याच्या आणि तपासण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्येच, असते. औषधांच्या चाचण्यांमधल्या रुग्णांच्या नोंदी लावायच्या, जुळवायच्या, त्यातून तक्ते काढायचे, असं हे काम. गेल्या वर्षी माझ्या भाचीचं सांख्यिकीत एम.एस्सी. झालं आणि तिनं विचारलं, "मावशी, मला सॅस शिकायचंय, पण लायसन्स कुठून आणू?" तिला मी सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडमिक्सवर, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन सॅसवर, खातं काढून दिलं आणि तीन महिने दर रविवारी आम्ही दोघी त्यावर बसलो. हे परीक्षण त्या तीन महिन्यांचं आहे. त्यातही एकाच कामाबद्दल मी जास्त बोलणार आहे: आधीच क्रमाने लावलेले दोन डेटासेट (म्हणजे तक्ते) एकत्र करणं. शिकायला आलेल्या प्रत्येकाचा पाय तिथेच अडकतो, आणि सॅस इतर साधनांपेक्षा वेगळं कशात आहे तेही तिथेच कळतं.

आधी सेवेबद्दल थोडक्यात. खातं मोफत मिळतं. संगणकावर काही बसवावं लागत नाही. ब्राउझरमध्ये सॅस स्टुडिओ उघडतो आणि प्रोग्राम सॅस कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. फाइल्स ठेवायला ५ जीबी जागा मिळते, आणि शिकण्यासाठी ती भरपूर आहे. मी शिकले तेव्हा सॅस युनिव्हर्सिटी एडिशन होतं. त्यासाठी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन बसवावं लागायचं. ते २०२१ मध्ये बंद झालं आणि आता घरी बसून शिकणाऱ्यालाही ऑनडिमांड वापरता येतं. अट एकच आहे, आणि ती पाळायलाच हवी: वापर शिकण्या-शिकवण्यापुरता, धंद्यासाठी नाही. इंटरनेट मात्र लागतंच.

शिकवताना डेटा कुठला घ्यायचा? सॅसबरोबर 'सॅसहेल्प' नावाची लायब्ररी मिळते. तिच्यात वर्गातल्या मुलांची उंची-वजनं आहेत, गाड्यांच्या किमती आहेत. पण भाचीला त्यातलं काही आपलं वाटेना. शेवटी मी गावाकडची एक वही काढली. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचे सचिव होते. त्यांनी २००९ च्या जुलैमधल्या एका दसवड्याची, ११ ते २० तारखेपर्यंतची, नक्कल स्वतःच्या वहीत उतरवून ठेवली होती. सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट. सकाळचं पान वेगळं, संध्याकाळचं वेगळं. नावं बदलून आम्ही दोन तक्ते टाइप केले. सकाळच्या १,०८७ ओळी भरल्या आणि संध्याकाळच्या १,०४१.

दूध संस्थेत दहा दिवसांनी बिल निघतं. प्रत्येक सभासदाचं सकाळचं आणि संध्याकाळचं दूध तारखेप्रमाणे एकाखाली एक आलं, तरच त्याचा हिशोब होतो. मी लहान असताना अण्णा हे काम पावत्यांवर करायचे. मी मदतीला बसले की म्हणायचे, "आधी दोन्ही गठ्ठे नंबराला लाव, मग एकात एक घाल." लावलेल्या गठ्ठ्यांमधलं फक्त वरचं पान बघायचं असतं. दोन्हींत जो नंबर लहान, ती पावती उचलायची आणि खाली ठेवायची. मागे वळून शोधायला लागत नाही, सगळा ढीग पसरून बसायला लागत नाही.

सॅसचा डेटा स्टेप, म्हणजे ओळी वाचून नवा तक्ता तयार करणारा प्रोग्रामचा भाग, नेमकं हेच करतो. 'सेट सकाळ संध्याकाळ;' एवढंच लिहिलं तर आधी सकाळचे सगळे १,०८७, मग त्याखाली संध्याकाळचे १,०४१ येतात. याला जोडणं म्हणतात. पण त्याखाली 'बाय सभासद तारीख;' ही एक ओळ घातली की चित्र पालटतं. सॅस दोन्ही तक्त्यांची पुढची ओळ बघतो, ज्याचा क्रमांक आधी येतो ती उचलतो, आणि दोन्हींत क्रमांक-तारीख सारखी असेल तर 'सेट'मध्ये ज्याचं नाव आधी लिहिलंय त्याची ओळ आधी ठेवतो. सकाळ आधी लिहिलं म्हणून सकाळ वर, संध्याकाळ खाली. याला इंटरलीव्हिंग म्हणतात. २,१२८ ओळी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. भाचीनं लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना सॅस जे लिहून दाखवतं त्यात, तो आकडा पाहिला आणि लगेच फोनवर बेरीज करून पडताळली. शिकवणाऱ्याला ही सवय दिसली की फार बरं वाटतं.

(नेहमीच्या सेटिंगमध्ये चलांची (म्हणजे रकान्यांची) आणि तक्त्यांची नावं रोमन लिपीतच द्यावी लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी ती मराठीत लिहिते आहे.)

यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. एक म्हणजे मेमरी. आर ही भाषा किंवा पायथॉनमधलं पँडाज, अशी डेटाची इतर साधनं साधारणपणे अख्खा तक्ता मेमरीत घेऊन बसतात. डेटा स्टेप एकेक ओळ घेऊन पुढे सरकतो, त्यामुळे कोट्यवधी ओळींची फाइलही साध्या मशीनवर निघते. मात्र त्यासाठी क्रम आधी लावलेला हवा. दुसरी म्हणजे 'बाय' दिल्यावर फुकट मिळणारे दोन झेंडे: 'फर्स्ट.सभासद' आणि 'लास्ट.सभासद'. सभासदाची पहिली ओळ आली की पहिला १ होतो, शेवटची आली की दुसरा. पहिल्या ओळीला रक्कम शून्य करायची, प्रत्येक ओळीला लिटर गुणिले दर मिळवत जायचं, आणि शेवटच्या ओळीला बिल बाहेर काढायचं. पाच-सहा ओळींचा प्रोग्राम आणि अख्ख्या गावाचं बिल तयार. दोन्ही तक्ते एकात एक लावणं आणि हिशोब करणं एकाच फेरीत होतं. हे पहिल्यांदा चालताना पाहिलं की सॅस शिकणाऱ्याला त्याची गोडी लागते, असा माझा अनुभव आहे.

याचं मूळही मला जवळचं वाटतं. सॅसची सुरुवात १९६६ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत झाली, आणि ती शेतीच्या प्रयोगांचा डेटा तपासण्यासाठी. अँथनी बार, जेम्स गुडनाइट, जॉन सॉल आणि जेन हेल्विग या चौघांनी १९७६ मध्ये कंपनी काढली. आज औषध कंपन्या आणि बँका ते वापरतात, पण बांधणी शेतावरच्या नोंदींसाठी झाली होती. आमच्या दुधाच्या तक्त्यांना ते इतकं नीट बसलं, याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

आता अडचणी. यांच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नोकरीच्या मुलाखतीत आणि प्रत्यक्ष कामात याच विचारल्या जातात.

पहिल्या रविवारी भाचीनं संध्याकाळचा तक्ता न लावताच 'बाय' दिलं. लॉगमध्ये लाल अक्षरांत आलं: 'एरर: बाय व्हेरिएबल्स आर नॉट प्रॉपर्ली सॉर्टेड ऑन डेटा सेट वर्क.संध्याकाळ'. ती घाबरली. मी तिला सांगितलं, ही सॅसची सगळ्यात चांगली चूक आहे. कुठल्या तक्त्यात गडबड आहे हे नाव घेऊन सांगते आणि कुठल्या ओळीवर क्रम मोडला तेही दाखवते. प्रॉक सॉर्टनं, म्हणजे क्रम लावण्याच्या आज्ञेनं, लावून घेतलं की झालं. मात्र प्रॉक सॉर्टला 'आउट=' (निकाल कुठल्या तक्त्यात ठेवायचा ते) दिलं नाही तर तो मूळ तक्त्यावरच लिहितो. एकसारख्या क्रमांकाच्या जादा ओळी काढणारं 'नोडपकी' लावून हे केलं, तर दुसऱ्यांदा आलेल्या ओळी मूळ तक्त्यातूनच जातात. म्हणून आमच्या टीममध्ये 'आउट=' शिवाय सॉर्ट लिहायचाच नाही, असा दंडक आहे. काढून टाकलेल्या ओळी 'डुपआउट=' मध्ये ठेवायच्या आणि उघडून बघायच्या. एका सभासदाच्या एकाच वेळच्या दोन ओळी असल्या की ती प्रत्येक वेळी चूकच असेल असं नाही. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं मोजलेलं असू शकतं.

दुसरी अडचण क्रमांकाच्या प्रकाराची. भाचीनं सकाळचा तक्ता भरताना सभासद क्रमांक अंक म्हणून घेतला आणि संध्याकाळचा अक्षर म्हणून. एकत्र करताना सॅसनं साफ नकार दिला: एकच चल अंकही आहे आणि अक्षरही. तिनं मग दोन्ही अक्षर केले. नकार गेला, पण १० नंबरचा सभासद २ च्या आधी येऊन बसला, कारण अक्षरांत पहिलं अक्षर बघितलं जातं. बिलं बरोबर निघाली, पण यादी उलटसुलट दिसायला लागली. शेवटी दोन्ही अंक केले. रुग्णांचे क्रमांक आम्ही पुढे शून्य लावून, सारख्या लांबीचे ठेवतो, ते याच कारणासाठी.

तिसरी अडचण मराठीत काम करणाऱ्यानं मन लावून वाचावी. सॅसमध्ये अक्षरी चलाची लांबी बाइटमध्ये (साठवणीच्या एककात) मोजतात आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'सावित्री' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. पण स, काना, व, वेलांटी, त, हलन्त, र, वेलांटी, अशी ती ८ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. सकाळच्या तक्त्यात नावाची लांबी १२ ठेवली होती आणि संध्याकाळच्यात ६०. 'सेट'मध्ये सकाळ आधी लिहिलं, म्हणून एकत्र तक्त्याची लांबी १२ ठरली, आणि संध्याकाळच्या तक्त्यात पूर्ण लिहिलेल्या सावित्रीबाई एकत्र तक्त्यात 'सावि' एवढ्याच उरल्या. लॉगमध्ये हिरव्या रंगात एक वॉर्निंग आली की चलाची लांबी वेगवेगळी दिलेली आहे, मजकूर कापला जाऊ शकतो. प्रोग्राम मात्र चालला. उपाय सोपा आहे: 'सेट'च्या वर 'लेंग्थ' लिहून मोठी लांबी आधीच ठरवायची. आणि नाव कापायचं असेल तर 'सबस्ट्र' नाही, 'के' ने सुरू होणारं 'केसबस्ट्र' वापरायचं. ते चिन्हं मोजतं, बाइट नाही.

नावावर क्रम लावायचा मोहही टाळा. साध्या क्रमात देवनागरी अक्षरांना संगणकात दिलेले युनिकोडचे नंबर बघितले जातात, आणि तिथे 'ळ' येतो 'ल' च्या लगेच मागे, 'व' च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. त्यामुळे यादीत 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर असे लागतात. मराठी शब्दकोशात याच्या उलट असतं. दोन्ही तक्ते एकाच नियमानं लावले असले तर जुळणी चुकत नाही, पण छापलेली यादी गावातल्या माणसाच्या हातात दिली की त्याला नाव सापडत नाही. जुळणी क्रमांकावर करायची, नाव सोबत येऊ द्यायचं.

आता 'मर्ज', म्हणजे दोन तक्त्यांच्या ओळी शेजारी-शेजारी जोडणं. सभासदांच्या यादीत प्रत्येकाची एक ओळ आणि दर आहे, दुधाच्या तक्त्यात प्रत्येकाच्या वीसेक ओळी. 'मर्ज सभासदयादी दूध; बाय सभासद;' असं लिहिलं की दर प्रत्येक ओळीपुढे येतो. इथे मी स्वतः पहिल्या नोकरीत चुकले होते, आणि तीच चूक भाचीला मुद्दाम करायला लावली. नियम असा ठेवला: फॅट कमी असेल त्या वेळेला दर दोन रुपयांनी कमी. तिनं लिहिलं: 'इफ फॅट < ५ देन दर = दर - २;'. सभासद १४ चा दर ४८ होता. पहिल्या ओळीला फॅट कमी, दर ४६, बरोबर. दुसऱ्या ओळीला फॅट ६.२, दर ४८ यायला हवा. आला ४६. तिसऱ्या ओळीला पुन्हा फॅट कमी, आणि दर ४४.

भाची स्क्रीनकडे बघत बसली. प्रोग्राममध्ये व्याकरणाची एकही चूक नाही, लॉगमध्ये तक्रारीचा एकही शब्द नाही. झालं असं की यादीतली ओळ सॅस सभासदामागे एकदाच वाचतो आणि तिच्यातली मूल्यं त्या सभासदाचा गट संपेपर्यंत तशीच धरून ठेवतो. आपण दर बदलला की धरलेलं मूल्यच बदलतं, आणि नवा सभासद येईपर्यंत परत वाचलं जात नाही. 'मर्ज'नं आणलेल्या चलात कधी हात घालायचा नाही. 'लागूदर' नावाचं नवं चल करायचं आणि हिशोब त्यात करायचा. माझ्या बाबतीत हे रुग्णाच्या वजनाच्या रूपांतरात झालं होतं. माझ्यावरच्या बाईंनी तीन रुग्णांची छापील यादी पेन्सिलीनं तपासली, म्हणून ते सापडलं. तेव्हापासून कुठल्याही मर्जनंतर मी दोन-तीन माणसं निवडून त्यांच्या सगळ्या ओळी छापून वाचते. भाचीकडूनही तेच करवून घेते.

आणखी तीन गोष्टी घाईत सांगते. दोन्ही तक्त्यांत एकाच क्रमांकाच्या अनेक ओळी असल्या तर 'मर्ज' त्या नुसत्या शेजारी-शेजारी लावतो. लॉगमध्ये फक्त एक नोट येते की 'बाय'ची मूल्यं एकाहून जास्त डेटासेटमध्ये पुन्हा आली आहेत. ती नोट दिसली की काम तिथेच थांबवा. दोन्हींत एकाच नावाचं चल असेल तर नंतर लिहिलेल्या तक्त्याचं मूल्य टिकतं. 'ऑप्शन्स एमएसजीलेव्हल=आय' लावलं की निदान लॉगमध्ये तसं कळतं. आणि 'मर्ज' लिहून 'बाय' विसरलात तर सॅस पहिल्या ओळीला पहिली, दुसरीला दुसरी चिकटवून मोकळा होतो. त्यासाठी 'मर्जनोबाय=एरर' हे ऑप्शन आहे, पण ते आपण लावावं लागतं. मला विचाराल तर ते मुळातच लागलेलं असायला हवं होतं. सॅसबद्दल माझी मनापासूनची तक्रार हीच: क्रम चुकला तर ते थांबतं, पण याहून घातक चुका नोट आणि वॉर्निंगवर सोडून देतं. आरमधल्या डीप्लायर या पॅकेजमध्ये आता अनेकास-अनेक जुळणी झाली तर ते स्वतःहून वॉर्निंग देतं, पँडाजमध्ये 'व्हॅलिडेट' सांगून ती अडवता येते. सॅसमध्ये ही राखण प्रोग्रामरनंच करायची.

प्रॉक एसक्यूएलनं, म्हणजे सॅसमधून एसक्यूएल ही प्रश्नभाषा वापरून, तक्ते जुळवले तर आधी सॉर्ट करावं लागत नाही, हेही खरं. बरेच नवे लोक त्यामुळे तिकडेच जातात. पण 'ऑर्डर बाय' दिल्याशिवाय निकालाच्या क्रमाची खात्री नसते, आणि क्रम हाच तर आपल्या हिशोबाचा कणा आहे. रुग्णाला औषध कधी दिलं, त्रास कधी झाला, रक्ताचा रिपोर्ट कधी आला, हे तारखेनं एकाखाली एक लागलं की त्या माणसाचे ते दिवस डोळ्यांसमोर उभे राहतात. मी औषधाच्या आणि त्रासाच्या नोंदी इंटरलीव्ह करून वाचते तेव्हा माझा विश्वास त्या यादीवर बसतो, तक्त्यातल्या टक्केवारीवर नंतर.

ज्यांना क्लिनिकल क्षेत्रात यायचंय त्यांना एवढं सांगते: अमेरिकेचं औषध नियामक खातं एफडीए सॅसच वापरा असं म्हणत नाही, पण चाचणीचा डेटा सॅसच्या एक्सपीटी स्वरूपात मागतं, आणि त्यामुळे या कामात सॅस येणं अजून लागतं. शिकायला ऑनडिमांड पुरेसं आहे. कामाच्या ठिकाणी जो डेटा स्टेप, जो प्रॉक सॉर्ट, जो लॉग दिसतो, तोच इथे दिसतो. ज्यांना स्वतःच्या लहान धंद्याचा हिशोब करायचा आहे त्यांनी इकडे येऊ नये. अट आड येते आणि व्यावसायिक लायसन्स लहान माणसाच्या आवाक्यातलं नाही. त्यांनी आर शिकावं.

शेवटच्या रविवारी आम्ही गावी गेलो होतो. भाचीला मी एक प्रश्न दिला होता: सकाळी दूध घातलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी घातलं नाही, असं किती वेळा झालं? तिनं मर्जमध्ये दोन्ही तक्त्यांना 'इन=' लावलं. त्यानं ओळ कुठल्या तक्त्यातून आली ते कळतं. एकूण १,०९९ ओळी आल्या. दोन्ही वेळच्या १,०२९, फक्त सकाळच्या ५८, फक्त संध्याकाळच्या १२. तिनं उलट बेरीज केली, १,०८७ आणि १,०४१ दोन्ही जुळले. मग ५८ ओळी तारखेनं मोजल्या. त्यातल्या ३४ एकट्या १६ जुलैच्या निघाल्या.

"चौतीस एका दिवसात? टाइप करताना पान सुटलं असेल," ती म्हणाली आणि वही शोधायला उठली.

अण्णा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "नंबर वाच की."

तिनं सभासद क्रमांक वाचायला सुरुवात केली. ६१, ६२, ६४, ६५. सात-आठ नंबर झाल्यावर अण्णांनी हात वर केला. "ही सगळी पलीकडच्या वस्तीची माणसं. त्या दिवशी दुपारनं ओढ्याला पाणी आलं होतं. मीच रात्री नऊपर्यंत सेंटर उघडं ठेवून बसलो होतो, कुणीच येऊ शकलं नाही."